नाव काय होतं त्याचं?

राधानगरी तालुक्यात आमच्या नात्यातल्या एका घरी सोप्याच्या भिंतीवर एक जुना फोटो आहे. अंगात खाकी, पिंढऱ्यांना गुंडाळलेल्या पट्ट्या, डोक्याला फेटा. वय वीस-बावीस, मिशी नुकती फुटलेली. दर दसऱ्याला या फोटोला झेंडूचा हार पडतो, हत्यारांच्या पूजेबरोबर त्याच्यापुढंही उदबत्ती लागते. मी एकदा त्या घरातल्या आज्जींना विचारलं, "आज्जी, हे कोण?"

"लढाईत गेलेला. आमच्या मामंजींचा चुलता. बसऱ्याला गेल्ता, परत आलाच न्हाई."

"नाव काय त्यांचं?"

आज्जी थांबल्या. पदर सारखा करत फोटोकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आबा म्हणायची समदी. खरं नाव आता कुणाला ठावं, बाळ?"

त्या दिवसापासून तो फोटो माझ्या मनातून गेलेला नाही. शंभर वर्षं हार घातला जातोय, पण कुणाला, ते कुणालाच माहीत नाही. या घरानं त्याला विसरलं, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. ज्या घरात खायची भ्रांत होती त्या घरानं काच फुटू न देता एक फोटो चार पिढ्या सांभाळला, ही काही लहान गोष्ट नव्हे. तरीही मान राखणं वेगळं आणि माणूस राखणं वेगळं. लढाईत गेलेल्या पोरांच्या बाबतीत आपण पहिलं मनापासून करतो आणि दुसरं करायचं राहून जातं. त्याचा परिणाम आपल्याला वाटतो त्यापेक्षा वाईट होतो. मेलेल्याचं नाव-गाव गेलं की त्याच्या मरणाचा अर्थ कुणीही लावू शकतो. त्याच्या वतीनं कुणीही बोलू शकतो. नाव असलेला मेलेला माणूस असा सहजासहजी हाती लागत नाही, कारण त्याला आई असते, भाऊबंद असतात, अर्धवट राहिलेली नांगरट असते.

आता त्या बसऱ्याकडं वळू. पहिल्या महायुद्धात इराकच्या, म्हणजे तेव्हाच्या मेसोपोटेमियाच्या मोहिमेत मराठा पलटणी मोठ्या संख्येनं होत्या. सहाव्या पुणे डिव्हिजनला कूत-अल-अमारा इथं डिसेंबर १९१५ पासून तुर्की सैन्यानं वेढलं. सुटकेचे प्रयत्न फसले, खायला घोडे-खेचरं मारायची वेळ आली आणि २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३ हजार सैनिक शरण गेले. त्यांतले कित्येक कैदेत, वाळवंटातल्या पायपिटीत मेले. या मोहिमेत ज्यांची कबर सापडली नाही, अशा ४० हजारांहून अधिक मृतांचं स्मारक बसऱ्याला उभं राहिलं. त्यावर ब्रिटिश शिपायांची नावं कोरली. हिंदी अधिकाऱ्यांची कोरली. हिंदी शिपायांची कोरली नाहीत. प्रत्येक पलटणीच्या नावाखाली, आणखी इतके हिंदी शिपाई, असा आकडा घातला. राधानगरीच्या भिंतीवरचा तो पोरगा बसऱ्याला गेला हे खरं असेल, तर तो बहुधा अशाच कुठल्यातरी आकड्यात आहे.

हे दगड बसवणाऱ्यांची चूक म्हणून सोडून देता आलं असतं; पण ती चूक नव्हती, ते धोरण होतं. राष्ट्रकुलातल्या युद्धमृतांच्या स्मारकांची देखभाल करणाऱ्या आयोगानं एप्रिल २०२१ मध्ये स्वतःचाच तपास करून अहवाल काढला. पहिल्या महायुद्धात मेलेल्या किमान १ लाख १६ हजार, प्रामुख्यानं आफ्रिकी माणसांची नावानिशी नोंद झाली नाही किंवा अजिबातच झाली नाही, असं त्यात कबूल केलं आणि माफी मागितली. आपल्याकडं सातारा, रत्नागिरी भागात अजूनही काही गावांत इंग्रजी राजवटीनं बसवलेल्या संगमरवरी पाट्या दिसतात. या गावातून इतके गेले, त्यांतले इतके परत आले नाहीत, एवढाच मजकूर. सबंध गावाच्या काळजाचा हिशेब दोन आकड्यांत. दिल्लीच्या इंडिया गेटवर १३ हजारांहून अधिक नावं आहेत हे खरं, पण त्या युद्धात मेलेले हिंदी सैनिक सुमारे ७४ हजार होते.

इथं कुणी म्हणेल, आपले वीरगळ तरी कुठं नावं सांगतात? प्रश्न रास्त आहे. कोल्हापूर भागात वीरगळांची वाण नाही. करवीर तालुक्यातल्या कसबा बीडला तर ते रांगेनं मांडलेले आहेत. खालच्या चौकटीत झुंज, मधल्यात वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, वरच्यात शिवलिंगाची पूजा, माथ्यावर चंद्र-सूर्य. बहुतेकांवर अक्षर नाही. पण वीरगळ घडवणाऱ्याला अक्षराची गरज वाटली नसावी, कारण दगड वेशीत होता आणि नाव लोकांच्या तोंडात होतं. पुढं घराणी हलली, बोलणारी तोंडं गेली. दगड राहिले, त्यांना शेंदूर लागला. काही ठिकाणी त्यांच्यावर धुणी बडवली गेली, काही पायरीला गेले. चंद्र-सूर्य असेपर्यंत कीर्ती राहील, असं त्या दगडावर कोरलं होतं. चंद्र-सूर्य आहेत. ज्याची कीर्ती, तो मात्र कोण हे सांगणारं कुणी उरलं नाही. दगड आठवण ठेवत नाही. आठवण माणसांना ठेवावी लागते, दगड फक्त त्यांना आधार देतो.

नाव टिकलं की काय होतं, याचं सगळ्यात ठळक उदाहरण भीमा कोरेगावचा जयस्तंभ आहे. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत मेलेल्या कंपनीच्या शिपायांची नावं त्यावर आहेत. त्यांतल्या २२ नावांच्या शेवटी 'नाक' आहे, म्हणजे ते महार शिपाई. स्तंभ उभारणाऱ्यांना स्वतःचा विजय मिरवायचा होता, महारांचा गौरव त्यांच्या मनातही नसेल. पण नावं कोरली गेली होती. म्हणून १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथं जाऊन उभे राहू शकले आणि ज्यांना लढवय्ये मानायलाच सरकारनं नकार दिला होता त्यांना, हे बघा आपले पूर्वज, असं दाखवू शकले. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १९१७ मध्ये १११वी महार पलटण उभारली, गरज संपल्यावर १९२१ मध्ये मोडून टाकली. सरकारी कागद माणसांना असं घेतो आणि टाकतो. स्तंभावरची ती २२ नावं कुणाला टाकता आली नाहीत. तिथं आज लाखो लोक येतात ते लढाईसाठी येत नाहीत, नावांसाठी येतात.

आता एका पोराची गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण त्याचं नाव आपल्याला ठाऊक आहे आणि तरीही तो आपल्याला नीट ठाऊक नाही. यशवंत घाडगे. तेव्हाच्या कुलाबा आणि आताच्या रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यातलं पळसगाव हे त्याचं गाव. जन्म नोव्हेंबर १९२१ चा. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये तो नाईक होता. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्याच्या कंपनीनं शत्रूच्या ठाण्यावर हल्ला चढवला. अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला आणि त्याच्या तुकडीतले सगळे मेले किंवा जखमी होऊन पडले. तो एकटा उभा राहिला. मागं कुणी नाही हे माहीत असताना तो धावत गेला, ग्रेनेडनं मशीनगन आणि ती चालवणारा दोन्ही निकामी केले, एकाला टॉमीगननं मारलं. मॅगझिन बदलायला सवड नव्हती, तेव्हा बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्यानं मारलं. मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्याच्या छातीत आणि पाठीत लागल्या आणि तो त्याच ठाण्यात पडला. बावीस वर्षांचा होता. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तो मार्च १९४५ मध्ये व्हाइसरॉय वेव्हेल यांच्या हातून त्याच्या विधवा पत्नीनं घेतला. त्याची कबर नाही. इटलीतल्या कसिनो इथल्या स्मारकावर, कबर नसलेल्या चार हजारांवर माणसांत, त्याचं नाव आहे.

एवढं आपल्याला ठाऊक आहे, ते सन्मानपत्रात लिहिलं गेलं म्हणून. त्याच्या मरणाच्या काही मिनिटांची बित्तंबातमी आहे. बावीस वर्षांच्या जगण्याचं काय? कोकणातल्या त्या वाडीत तो भातलावणीला गुडघाभर चिखलात उभा राहिला असणार, पावसाळ्यात इरलं घेऊन गुरांमागं गेला असणार. हे मी अंदाजानं लिहितोय आणि अंदाजानं लिहावं लागतंय याचंच मला वाईट वाटतं. ज्याचा पुतळा माणगावात आहे त्याचीही ही गत, तर राधानगरीच्या भिंतीवरच्या पोराचं काय सांगावं?

कसिनोचं नाव घेतलं की मला कोल्हापूरजवळचं वळिवडे आठवतं. सायबेरियातून सुटून आलेल्या पोलिश निर्वासितांची मोठी छावणी तिथं १९४३ ते १९४८ या काळात होती. सुमारे पाच हजार माणसं, बहुतेक बायका आणि मुलं. त्यांतल्या अनेकींचे नवरे, भाऊ, मुलगे जनरल अँडर्स यांच्या पोलिश सैन्यात होते आणि त्याच सैन्यानं १८ मे १९४४ रोजी मॉंटे कसिनोचा डोंगर घेतला. म्हणजे इकडं पंचगंगेच्या काठी पोलंडच्या आया पत्राची वाट बघत होत्या आणि तिकडं इटलीच्या डोंगरात आपल्या गावांतली पोरं लढत होती. इकडं आपल्या आयाही वाटच बघत होत्या, फक्त त्यांना पत्र आलं तर ते वाचून दाखवणारा माणूस शोधावा लागत होता.

पुढं काय झालं ते बघा. वळिवड्यात वाढलेली ती पोलिश मुलं जगभर पांगली. पण त्यांनी संघटना काढली, आठवणी गोळा केल्या, फोटो जमवले, त्यांचा जाडजूड ग्रंथ केला. म्हातारपणी ती कोल्हापूरला परत येत राहिली, आपल्या माणसांच्या कबरींवर फुलं ठेवत राहिली. सप्टेंबर २०१९ मध्ये वळिवड्यात स्मारक झालं, त्याला पोलंडचे मंत्री आले. पाच वर्षं ज्या मातीत काढली ती मातीसुद्धा त्यांनी नावानिशी लक्षात ठेवली. इटलीतल्या मोंतोने गावानंही जुलै २०२३ मध्ये यशवंत घाडगेच्या नावानं स्मारक उभारलं, सूर्यघड्याळाच्या रूपात. इटलीच्या मोहिमेत ५० हजारांहून अधिक हिंदी सैनिक होते आणि त्यांतले ५,७८२ मेले. परक्या डोंगरातल्या एका लहान गावाला यशवंत आठवावासा वाटला. मग आपण आपल्या पोरांबद्दल इतके मुके का?

एक उत्तर मला अनेकदा ऐकवलं जातं. ही पोरं इंग्रजांसाठी लढली, पोटासाठी लढली, महिना अकरा रुपयांसाठी गेली. त्यांची आठवण कशाला, असं म्हणतात. शिकलेली माणसं म्हणतात, म्हणून हे उत्तर टाळून जाता येत नाही. पोटासाठी गेले हे खरंच आहे. पडीक जमीन, सावकार, पाठोपाठचे दुष्काळ आणि प्लेग. भरती हा घरात रोख पैसा यायचा एक मार्ग होता. कोल्हापुरात तर राजर्षी शाहू महाराजांनी स्वतः भरतीला जोर लावला. राजानं सांगितलं आणि घरालाही गरज होती, म्हणून ही पोरं निघाली. ज्यांच्या हातात निर्णय नव्हता त्यांच्या माथी साम्राज्याचा दोष मारायचा आणि ज्यांच्या हातात होता त्यांची नावं रस्त्यांना द्यायची, हा कुठला न्याय? शिवाय आजही सैन्यात जाणारा शेतकऱ्याचा पोरगा देशासाठी जातो आणि पोटासाठीही जातो. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पोटाचा उल्लेख झाला की त्याच्या मरणाचं मोल कमी होतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी कधी अर्ध्या एकरात चार भाऊ बघितलेले नाहीत.

आठवण ठेवणं म्हणजे युद्धाचं कौतुक करणं नव्हे. उलट, ज्याचं नाव, घर, शेत आपल्याला ठाऊक आहे त्याच्या मरणाबद्दल 'किती गौरवाची गोष्ट' असं सहज म्हणून पुढं जाता येत नाही. घसा दाटतो. मला तो दाटलेला घसा हवा आहे. त्याशिवाय युद्धाबद्दल बोलण्याचा आपल्याला अधिकार नाही, बाजूनं नाही आणि विरुद्धही नाही.

हे सगळं शंभर वर्षांपूर्वीचं म्हणून बाजूला ठेवता येत नाही. २०२० च्या दिवाळीच्या तोंडावर, १३ नोव्हेंबरला, आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचा ऋषिकेश जोंधळे नियंत्रण रेषेवर मारला गेला. वय वीस. आठ दिवसांनी, २१ नोव्हेंबरला, करवीर तालुक्यातल्या निगवे खालसाचे संग्राम पाटील. त्या पंधरवड्यात कोल्हापूर जिल्ह्यानं जी गर्दी केली, ज्या रांगोळ्या घातल्या, जे डोळे पुसले, त्यातलं काहीही खोटं नव्हतं. आपला जिल्हा पार्थिव फार मायेनं घरी आणतो. माझा प्रश्न त्यानंतरच्या वर्षांचा आहे. फ्लेक्सवरचा रंग एका पावसाळ्यात जातो. चबुतरा राहतो, त्याच्यावर नाव आणि तारीख राहते आणि दहा वर्षांनी त्या गावच्या शाळेत आलेल्या नव्या पोराला त्या नावाचा माणूस कसा होता हे सांगायला कुणी बसत नाही. 'अमर रहे' ही घोषणा आहे. ती खरी करायची तर त्यामागं कुणाला तरी रोज थोडं काम करावं लागतं.

आणि ते काम आजवर आपण एकाच माणसावर टाकलं आहे, त्याच्या बायकोवर. ती जिवंत स्मारक. तिनं हसायचं नाही, सजायचं नाही, दुसरं घर करायचं नाही, म्हणजे आपल्याला त्याची आठवण राहील. ही गोष्ट नियमातही शिरली होती. शौर्यपदक मिळालेल्या जवानाच्या विधवेनं पुन्हा लग्न केलं की तिचा पदकाचा भत्ता बंद व्हायचा, दिराशी केलं तर चालू राहायचा. म्हणजे मेलेल्याचा मान घराबाहेर जाता कामा नये. ही अट सरकारनं काढली ती नोव्हेंबर २०१७ मध्ये. याच कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं ४ मे २०२२ रोजी ग्रामसभेत ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं गावात बंद. पुढं राज्य सरकारनं तो कित्ता सगळ्या गावांपुढं ठेवला. हेरवाडचा ठराव सैनिकांसाठी नव्हता, पण तो मला याच विषयाचा वाटतो. बंदुकीच्या फैरी झडत असताना पलीकडं दाराआड एका पोरीच्या बांगड्या फोडल्या जात असतील, तर ती मानवंदना अर्धीच. नवऱ्याची आठवण जपण्याचा भार तिच्या कपाळावरून उतरवून गावानं आपल्या शिरावर घेतला पाहिजे.

गावानं काय करायचं, हा प्रश्न पैशाचा नाही. राधानगरी हे गावच एका नावासाठी वसलेलं आहे. शाहू महाराजांनी आपल्या लेकीच्या, राधाबाईंच्या नावानं ते वसवलं. भोगावतीवरचं धरण १९०९ मध्ये सुरू झालं, पैशाअभावी रखडलं आणि पुरं व्हायला स्वातंत्र्य यावं लागलं. तरी ते कुणी सुरू केलं हे खोऱ्यातलं शेंबडं पोरही सांगेल. म्हणजे लक्षात ठेवायची ताकद आपल्यात आहे. ती आपण राजांसाठी वापरतो, तशी रयतेच्या पोरांसाठी वापरायची आहे. प्रत्येक ग्रामपंचायतीत एक वही असावी. गावातून फौजेत गेलेल्या प्रत्येकाचं पूर्ण नाव, आईचं नाव, पलटण, नंबर, कुठं गेला, परत आला की नाही. त्याच्याबद्दल ज्याला जे आठवतं ते त्याच्याच बोलीत लिहावं. कुस्तीत कुणाला चीतपट केलं होतं, कुठल्या बैलाचा लळा होता, जाताना काय बोलला. शाळेच्या जुन्या रजिस्टरात त्याची जन्मतारीख असेल, पोस्टात आलेल्या मनीऑर्डरची पावती एखाद्या ट्रंकेत असेल. राष्ट्रकुल आयोगाच्या नोंदी आता कुणालाही इंटरनेटवर बघता येतात, दोन्ही महायुद्धांतल्या हजारो मराठी नावांसह. पण शोधायला हातात नाव तरी पाहिजे. २६ जानेवारीला झेंडावंदनानंतर ती वही शाळेतल्या पोरांकडून वाचून घ्यावी. भाषण एक कमी झालं तरी चालेल.

सकाळी पाच वाजता राधानगरी-कोल्हापूर रस्त्यानं गेलात तर उसाच्या फडांमधून धावणारी पोरं दिसतात. सोळाशे मीटरची तयारी. अंगातून वाफा निघत असतात, एखादा म्हातारा सायकलवरून मागं वेळ मोजत असतो. भरतीला जाणाऱ्या या पोरांना आपण उद्या काय देणार आहोत, हे त्या भिंतीवरच्या फोटोकडं बघून ठरतं.

म्हणून वाचणाऱ्याला एवढीच विनंती. तुमच्या घरात, आजोळी, सासरी असा एखादा फोटो असेल, तर येत्या सुट्टीत तो भिंतीवरून खाली काढा. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ बसा आणि त्याचं पाळण्यातलं नाव, बापाचं नाव, आईचं नाव, गाव आणि पलटण विचारा. जे सांगतील ते फोटोच्या पाठीवर पेन्सिलीनं लिहा, तारीख घाला, आणि मग फोटो परत लावा. आमच्या त्या आज्जी गेल्या पावसाळ्यात वारल्या. मी दुसऱ्यांदा विचारायला गेलो, तेव्हा उशीर झाला होता.